रजेवर गेलेल्या सातजणी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंद्याने कवळ्या बनवणारी, विधवा, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, आणि असते तरी मी ते जुमानले नसते, हे मला ओळखणारा कोणीही सांगेल. मला कसलाही आजार नाही. बत्तीसपैकी सत्तावीस दात माझे स्वतःचे आहेत. दुसऱ्यांच्या तोंडात जन्म गेलेल्या बाईला याहून मोठे प्रमाणपत्र नको.

वकीलबाईंनी मला बजावले आहे की मृत्युपत्रात फक्त वस्तू लिहायच्या, गोष्टी लिहायच्या नाहीत. त्यांच्या वडिलांची कवळी मी केली होती, म्हणून त्या फी घेत नाहीत, आणि फी घेत नाहीत म्हणून मीही त्यांचे सगळे ऐकत नाही. कागद वाचणाऱ्याने आणखी एक लक्षात घ्यावे. हे लिहायला मला तीन आठवडे लागले. कलम सहापर्यंत एक बाई लिहीत होती, कलम सातपासून तीच बाई, पण जरा बऱ्या मनाने. मध्ये जी खाडाखोड दिसेल तिच्यावर माझी सही आहे. आधीच्या कलमांत कलम ८ चा उल्लेख येतो तो मागाहून घातलेला आहे.

कलम १. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम माझ्या भावाच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने करावे. तो दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस सरळ आहे, फक्त फोनवर 'हो हो' फार म्हणतो. त्याचे पहिले 'हो' धरू नये, दुसरे धरावे.

कलम २. राहते घर, तळमजल्यावरची कारखान्याची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि वरची खोली, हे माझ्या पतीने माझ्या नावे केलेले आहे. ते माझ्यामागे भाच्याला मिळावे. वरच्या खोलीबद्दल कलम ८ पाहावे. मधल्या खोलीचे दार वरून घासते. ते रंध्याने नीट करू नये. त्याच्या आवाजावरून घरात कोण आले ते कळते.

कलम ३. बँकेतली ठेव भाच्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी आहे. किती आहे ते पासबुकात आहे. इथे आकडे लिहून या कागदाचे वाण्याचे बिल करायचे नाही.

कलम ४. माझी सगळी हत्यारे, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा, पॉलिशची मोटर, दातांच्या छटांची पट्टी आणि भिंग, ही मेणवालीला द्यावीत. मेणवाली म्हणजे जिने माझ्याकडे एकवीस वर्षे मेणात दात बसवले ती बाई. तिच्यासारखा सुळा बसवणारे माणूस मी पाहिले नाही. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, कारण मग तिने सुट्टी मागितली असती. आता वाचेल तेव्हा वाचेल. कपाटात लोकांच्या जबड्यांचे चारशेच्या वर प्लास्टरचे साचे आहेत. ते फोडून टाकावेत. ज्यांचे आहेत त्यातले निम्मे लोक गेले, आणि उरलेल्यांनी आपला जबडा दुसऱ्याच्या हातात पाहणे बरे नव्हे.

कलम ५. चौकातल्या दातांच्या डॉक्टरांना त्यांच्याच वरच्या जबड्याचा साचा द्यावा. तो वेगळा, निळ्या फडक्यात बांधून ठेवला आहे. तीस वर्षे ते माझ्या कवळ्या पेशंटच्या तोंडात बसवून "ही मी स्वतः बनवली" असे सांगत आले. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे हत्तीबद्दल म्हणतात, पण डॉक्टरांनाही लागू आहे. त्यांचे पुढचे चार दात माझ्या हातचे आहेत हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. आता सांगितले. हसतील त्यांचे दात दिसतील, आणि त्यांचे दिसले तर ते माझे असतील. त्यांच्यासाठी आणखी एक वस्तू कलम ६ मध्ये आहे.

कलम ६. आता खेळ.

मधल्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, एक जुना संगणक आहे. माझे पती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढत. कचेरीने जुने संगणक काढून टाकले तेव्हा त्यांनी एक घरी आणला. त्याच्याबरोबर एका पुठ्ठ्याच्या डब्यात एक परदेशी खेळ आला. डब्यावरचे नाव लांबलचक होते आणि आम्हाला कोणाला धड म्हणता येत नव्हते. आमच्या घरात त्याला 'गडगड' म्हणू लागले. गड घ्यायचे, गड राखायचे, आणि चुकले की गडगडत खाली यायचे, म्हणून. पुढे त्याचे आणखी चार भाग निघाले. आमच्याकडे पाचही आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नकाशावर आपले गड असतात, सरदार असतात, सोन्याच्या खाणी आणि लाकडाच्या वखारी असतात. सैन्यात भालेकरी, राक्षस, उडते घोडे, आणि सगळ्यात वर ड्रॅगन. एक खेळाडू सगळ्या चाली संपवून 'दिवस संपला' हे बटण दाबतो, मग दुसऱ्याची पाळी. घाई नाही. तुम्ही बटण दाबत नाही तोवर दिवस तसाच थांबतो, पाहिजे तर वर्षभर. मला हा खेळ पहिल्या दिवशीच आवडला तो यामुळे. प्लास्टर आळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, हे ज्याला कळते त्याला हा खेळ कळतो.

खेळणाऱ्या दोघी होत्या, मी आणि माझी नणंद. वन्सं शाळेत पी.टी.च्या बाई. लग्न केले नाही, वरच्या खोलीत राहत. गडगड घरात यायच्या आधी आमच्या लढाया स्वयंपाकघरात होत, भांड्यांच्या आवाजावर. खेळ आल्यावर त्या सगळ्या पडद्यावर गेल्या. ज्या संध्याकाळी त्यांनी माझा गड घेतला त्या संध्याकाळी त्यांनी न सांगता सगळी भांडी घासली. आमचे हे म्हणत, "या डब्यातल्या राक्षसांनी माझं घर वाचवलं." कोणाचा डाव चांगला चालला आहे असे विचारले की ते म्हणत, "मी तटस्थ राष्ट्र आहे."

नियम दोन. एक, रोज संध्याकाळी चहानंतर खेळातला एकच दिवस. म्हणजे खेळातला आठवडा आणि आमचा आठवडा बरोबरच चालायचा. खेळातल्या सोमवारी गडांवर नवे सैन्य मिळते, ड्रॅगन मात्र आठवड्याला एकच. दोन, एकीची पाळी चालू असताना दुसरीने खिडकीकडे तोंड करून बसायचे. चोरून पडदा बघणे हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा गुन्हा होता. बावीस वर्षांत मी ती खिडकी इतकी पाहिली की समोरच्या घराच्या भिंतीतल्या विटा मला पाठ आहेत.

त्या पाच भागांची वाटणी अशी. पहिला भाग भाच्याला द्यावा, त्याने लहानपणी त्यात बेडकांचे सैन्य वाढवले होते. दुसरा, सगळ्यात चांगला, मेणवालीला, कारण ती हत्यारांबरोबर काहीतरी गमतीचे घेऊन गेली पाहिजे. तिसरा आणि चौथा कलम ८ प्रमाणे. पाचवा भाग दातांच्या डॉक्टरांना. त्यात गड चोहोबाजूंनी फिरतात, डोके गरगरते, आणि खेळ मधेच आपोआप बंद पडतो. त्यांनी तो शेवटपर्यंत खेळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कलम ७. ~~माझ्या नणंदेला माझ्या मिळकतीतले काहीही देऊ नये. वरची खोली तिला मागितली तरी उघडून देऊ नये. कारण तिला माहीत आहे.~~

वरची तीन वाक्ये मी रद्द करते. सही केली आहे. का रद्द केली ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही, वकीलबाई काहीही म्हणोत.

नऊ वर्षांपूर्वी आमचा चौथ्या भागातला मोठा डाव चालू होता, तीन वर्षे. वन्संनी उत्तरेच्या गडावर सात ड्रॅगन जमवले होते. त्यांना त्या आपल्या शाळेच्या संघातल्या मुलींची टोपणनावे देत: उंची, तिखट, चष्मिष्ट, ढब्बी, रडकी, वारा आणि मॉनिटर. त्या सातजणींपुढे माझे काही चालत नव्हते. तेवढ्यात वन्संच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. महिनाभर पडद्याकडे बघायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. महिनाभर इस्पितळाजवळच्या मैत्रिणीकडे राहायला जाण्याआधी, शनिवारी, त्यांनी आपली पाळी खेळून घेतली आणि मला म्हणाल्या, "वहिनी, मी येईपर्यंत माझी पाळी आली की नुसतं 'दिवस संपला' दाबत जा. दुसऱ्या कशाला हात लावू नका."

मी तसेच केले. महिनाभर, रोज. त्यांची पाळी असली की नियमाप्रमाणे खिडकीकडे तोंड करून, हात मागे नेऊन, अंदाजाने बटण दाबले. आपल्या घरात, कोणी बघत नसताना. आज हे वाचून कोणाला हसू येईल. पण मी अशीच आहे, आणि तसे केले याचा मला नऊ वर्षे पश्चात्ताप झाला, कारण एकदा तरी बघितले असते तर मला कळले असते.

वन्सं परत आल्या, काळा चष्मा काढून टेबलाशी बसल्या, आणि उत्तरेच्या गडावर एकही ड्रॅगन नव्हता. सात नाही, सहा नाही, एकही नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"माझ्या सातजणी कुठं गेल्या?"

"मी फक्त दिवस संपवला," मी म्हटले.

"मग काय उडून गेल्या?"

"त्यांना पंख आहेत, मला काय विचारता?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. हे वाक्य मी बोलायला नको होते. वन्सं म्हणाल्या, "बावीस वर्षं खेळलो आणि शेवटी डोळे मिटलेल्या माणसाला फसवलंत." मी म्हटले, फसवायचे असते तर पहिल्याच वर्षी फसवले असते. आमचे हे दारात उभे होते. ते मागच्या मागे वळले. आठ दिवसांत वन्संनी दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली आणि सामान हलवले. मी संगणकावर चादर टाकली. त्या टेबलाला मी पुन्हा हात लावला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायचे मी आजवर टाळत होते. मी काही केले नव्हते हे मला ठाऊक होते. मग केले कोणी? घरात आम्ही दोघेच. मी ह्यांच्यावर संशय घेतला. वाटले, मी सारखी हरते म्हणून दया येऊन ह्यांनीच काहीतरी खुडबुड केली असेल, आणि आता बोलायची सोय राहिली नाही. तीन वर्षे मी त्यांना विचारले नाही. मग ते गेले. त्यांना पोचवून आल्यावर वन्सं आणि मी एकाच खोलीत दोन भिंतींना टेकून बसलो आणि एकमेकींशी बोललो नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचे कोणाला?

आता गेल्या पंधरवड्यातले. वकीलबाईंनी घरातल्या वस्तूंची यादी मागितली, कोणती वस्तू कोणाची, खणाखणातली. म्हणून मी त्या टेबलाचा खण उघडला. आत शाळेचा एक हजेरीपट होता. वन्सं आपल्या सैन्याची हजेरी ठेवत हे मला माहीतच नव्हते, कारण त्या लिहीत तेव्हा मी विटा मोजत असे. वर तारखा, डाव्या बाजूला सैन्याची नावे, आणि खान्यात शाळेतल्यासारखे एकेक अक्षर: हजर असेल तर ह, गैरहजर असेल तर ग, रजेवर असेल तर र.

पाने उलटत शेवटच्या पानापर्यंत मी उभ्यानेच वाचले. सातही नावांपुढे तीन वर्षे नुसते ह. वन्संच्या हाताखाली रजा कोणाला मिळत नसे. आणि मग तो शनिवार. त्या खान्यात सातही जणींपुढे लाल पेन्सिलीने र, र, र, र, र, र, र. खाली बारीक अक्षरात: 'बाईंचे ऑपरेशन. संघालाही रजा. दमल्या आहेत.' महिन्यानंतरच्या खान्यात सात ग, इतके दाबून काढलेले की कागद फाटला होता.

मी वर भिंतीकडे पाहिले. तिथे माझा पुठ्ठा अजून होता. खेळाची पुस्तिका परदेशी भाषेत, म्हणून मी कोश घेऊन बसले होते आणि प्रत्येक बटणाचा अर्थ त्या पुठ्ठ्यावर लिहून लावला होता. अठ्ठावीस बटणे. तेविसावे, मोडक्या भाल्याचे चित्र असलेले. त्यापुढे माझ्या अक्षरात: 'रजा देणे'.

कोशात त्या शब्दाला चार अर्थ होते, कामावरून दूर करणे, बरखास्त करणे वगैरे. मी 'रजा देणे' घेतले कारण पुठ्ठ्यावर तेवढीच जागा उरली होती. आणि खरे सांगायचे तर मला त्यात काही वावगे वाटले नाही. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते कवळीमास्तर चिडले की म्हणत, "उद्यापासून तुला रजा." ज्याला तसे म्हटले तो पुन्हा कधी दिसला नाही. आमच्या धंद्यात रजा म्हणजे एवढेच. शाळेत मात्र रजेवर गेलेली मुलगी सोमवारी परत येते. वन्संनी जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी विश्रांती दिली, आणि माझ्या शब्दाने सातजणींना कायमचे घालवले. खेळ विचारतो, 'खात्री आहे?' वन्संनी सात वेळा होय म्हटले असणार.

मी तिथेच जमिनीवर बसले. आधी हसू आले, मग रडू आले, मग पुन्हा हसू. न बसणारी कवळी वर्षानुवर्षे तोंडात वागवावी आणि एक दिवस काढून पाण्यात टाकावी, तसे मला मोकळे वाटले. कोणी कोणाला फसवले नव्हते. वन्संनी नाही, मी नाही. आणि ह्यांनी तर मुळीच नाही. माझे पती निर्दोष होते हे मी इथे लिहून ठेवते आणि त्यांची माफी मागते. ते खरोखरच तटस्थ राष्ट्र होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरीपट पिशवीत घालून वन्संकडे गेले. दार उघडून त्या तशाच उभ्या राहिल्या. केस पांढरे, पाठ मात्र अजून कवायतीची.

"काय हवंय?"

"मस्टर तपासायचं आहे," मी म्हटले.

त्यांनी हजेरीपट ओळखला. आत येऊ दिले. खिडकीशी नेऊन शेवटचे पान डोळ्यांजवळ धरले आणि बोटाने एकेक र मोजला.

"हे र माझेच आहेत," त्या म्हणाल्या. "रजा दिली होती मी त्यांना. मी आले की हजर व्हायचं होतं."

"वन्सं, त्या खेळात रजेवर गेलेलं कोणी परत येत नाही."

"मग त्याला रजा कशाला म्हणायचं?"

मी पुठ्ठाही नेला होता, तो पिशवीतून काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तेविसावी ओळ वाचली, मग माझ्याकडे पाहिले.

"म्हणजे चूक कोणाची?"

"शब्दाची," मी म्हटले.

"शब्द कोणाचा?"

"माझा."

"मग तुमची, वहिनी."

"माझीच," मी म्हटले, आणि कबूल करताना मला इतके बरे वाटले की काय सांगू.

वन्सं खाली बसल्या. "नऊ वर्षं मी तुम्हाला खोटारडं म्हटलं."

"तोंडावर एकदाच म्हणालात."

"मनात रोज."

"मनात मीही काही कमी बोलले नाही."

मग त्यांनी हजेरीपट मिटला, मांडीवर ठेवला आणि विचारले, "माझ्या खोलीत काय ठेवलंय सध्या?"

"प्लास्टरची पोती."

"काढा," वन्सं म्हणाल्या.

कलम ८. त्याप्रमाणे पोती काढली आहेत. वरची खोली माझ्या नणंदेची आहे, तिच्या हयातीपर्यंत, बिनशर्त. भाच्याला मी फोनवर विचारले. त्याचे दुसरे 'हो' मी घेतले आहे. वन्सं या महिनाअखेरीस राहायला येत आहेत. त्या पहाटे उठून जागच्या जागी धावतात आणि खालच्या खोलीत प्लास्टर पडते, हे भाच्याने नंतर तक्रारीत धरू नये. संगणक, टेबल, तिसरा आणि चौथा भाग, हजेरीपट आणि पुठ्ठा हे सगळे त्यांचे. पुठ्ठ्यावरच्या तेविसाव्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवून मी 'कायमचे काढून टाकणे' असे लिहिले आहे. जागा पुरली नाही, म्हणून चोविसाव्या ओळीवर गेले आहे. जाऊ दे.

कलम ९. संगणक चालू झाला. पंखा खरखरतो, पण चालतो. नऊ वर्षांपूर्वी वन्सं जिथून उठल्या होत्या तिथेच डाव उभा होता. आमच्या घरातून एक माणूस गेले, आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, आणि खेळात अजून तोच मंगळवार. वन्सं संध्याकाळच्या चहाला आल्या होत्या आणि पाळी त्यांचीच होती. मी खिडकीकडे वळले. विटा तेवढ्याच आहेत. वन्संनी दिवस संपवला आणि मी पडद्याकडे वळून पाहिले तर माझे सगळे सैन्य उत्तरेच्या गडाच्या दाराशी, आणि माझ्या पाळीत आतले सैन्य दिसत नसले तरी गड रिकामा आहे हे आता मला ठाऊक होते. एका चालीत गड माझा होता. मी काही न करता दिवस संपवला.

खिडकीकडून आवाज आला, "घेतला का गड?"

"नाही. माझं सैन्य रजेवर आहे."

"तुमच्या अर्थानं की माझ्या?"

"तुमच्या," मी म्हटले. "सोमवारी हजर होईल."

वन्संना दया आवडत नाही, पण नियमात बसणारी रजा त्या नाकारू शकल्या नाहीत.

आता हिशेब असा की ड्रॅगन आठवड्याला एकच मिळतो. सातजणी पुन्हा जमायला सात सोमवार लागतील. त्यानंतरच खरी लढाई होईल आणि मी बहुधा हरेन. म्हणून या मृत्युपत्राची वेळ सात सोमवारांच्या आत येऊ नये, अशी अट मी घातली होती. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, मरणाला अट घालता येत नाही." मग विनंती म्हणून लिहा, असे मी म्हटले. विनंती म्हणून लिहिले आहे.

तरी मधेच माझे काही झाले तर माझी पाळी कोणी दुसऱ्याने खेळू नये. माझ्या वाटचे 'दिवस संपला' हे बटण वन्संनीच दाबावे, रोज, जितके दिवस त्यांना वाटेल तितके दिवस. मात्र ते दाबताना त्यांनी खिडकीकडे तोंड करू नये. पडद्याकडे नीट बघावे, माझे सगळे गड, सगळे सरदार, कुठे काय लपवले आहे ते सगळे. त्यांच्यापासून लपवण्यासारखे माझ्याकडे आता काही नाही.

माझ्या सैन्यातल्या कोणालाही रजा देऊ नये. त्यांच्या अर्थाची द्यायची असेल तर पेन्सिलीने द्यावी.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला ते मान्य आहे, आणि खाली दोन साक्षीदारांसमोर सही करत आहे.

(सही)

साक्षीदार पहिले: समोरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. बाईंनी आमच्यासमोर सही केली. हात कापत नव्हता. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या शिंपीणबाई. मीपण बघितलं. (सही)

ठिकाण: मधली खोली, खिडकीजवळचे टेबल.

तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे. आमच्या हिशेबाने सोमवार, पहिला ड्रॅगन आला तो दिवस.

वकीलबाईंची टीप: सही झाल्यावर नणंदबाईंनी साक्षीदार म्हणून सही करण्याचा आग्रह धरला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "सही नाही करत, हजेरी घेते." मी अडवेपर्यंत त्यांनी कागदाच्या कडेला लाल पेन्सिलीने खालील दोन ओळी लिहिल्या. या ओळींचा मृत्युपत्रावर कायद्याने काहीही परिणाम होत नाही.

वहिनी: ह
मी: ह